पाच रुपयांचे एक कोटी पस्तीस लाख

२१ सप्टेंबर १९३७. लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी एक पुस्तक बाजारात आणलं. लेखक ऑक्सफर्डचे प्राध्यापक, जुन्या इंग्रजीचे गाढे अभ्यासक जे. आर. आर. टॉल्कीन. पुस्तकाचं नाव ‘द हॉबिट’. किंमत साडेसात शिलिंग. ही रक्कम आपण आपल्या पैशांत आणू या. त्या काळी एक रुपया म्हणजे दीड शिलिंग हा सरकारने बांधून दिलेला दर होता. साडेसातला दीडने भागा. उत्तर पाच. वर आणा नाही, खाली पै नाही, बरोब्बर पाच रुपये!

छापल्या किती? दीड हजार प्रती. एक प्रत तीन सेंटीमीटर जाड धरली, तर सगळी आवृत्ती एकीला एक चिकटवून उभी केल्यावर ४५ मीटर भरेल. मुंबईच्या लोकलचे दोन डबे आणि वर थोडं. बस्स! आणि पाच रुपयांच्या दराने या सगळ्या ढिगाची किंमत साडेसात हजार रुपये. आजच्या घडीला त्या ढिगातली एक प्रत, मी म्हणतो एकच प्रत, हातात यावी म्हणून जगभरची माणसं काय काय करतात, तेच आपण आता मोजत जाणार आहोत. आकडे भराभर वाढत जातील, तेव्हा घट्ट धरून बसा.

पण त्याआधी एक नाणं पाहायला हवं. १९३६ मध्ये हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी ते कुणा समीक्षकाकडे पाठवलं नाही. आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. लहान मुलांची पुस्तकं लहान मुलांनीच पारखावीत असं त्यांचं मत होतं. मुलाने वाचून अहवाल लिहिला, पुस्तक छापण्याजोगं आहे असं कळवलं आणि मेहनताना घेतला एक शिलिंग. म्हणजे दहा आणे आठ पै. ‘द हॉबिट’च्या आजवर दहा कोटींवर प्रती खपल्या असा सर्वसाधारण अंदाज आहे. दहा आणे आठ पैंच्या शिफारशीवर दहा कोटी प्रती! प्रकाशनाच्या धंद्यात याहून स्वस्त आणि याहून अचूक सल्ला कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

आता त्या पहिल्या दीड हजार प्रतींकडे जरा जवळून पाहू. मुखपृष्ठ टॉल्कीन यांनी स्वतः रंगवलेलं. डोंगर, जंगल, कडेने रूनलिपीची चौकट. त्यांना सूर्य लाल हवा होता. प्रकाशकाने हिशेब केला, एक रंग वाढला की छपाईचा खर्च वाढला, आणि लाल रंग गाळून टाकला. हिरवा, निळा, काळा एवढ्यावर भागवलं. त्याच जॅकेटच्या मागच्या आतल्या घडीवर एक गंमत होऊन बसली. तिथे ‘ॲलिस’चे लेखक लुईस कॅरल यांच्या खऱ्या नावाचा, म्हणजे डॉजसन या आडनावाचा उल्लेख होता, आणि छापताना त्या नावात ‘ई’ हे अक्षर जास्तीचं पडलं. जॅकेटं तर छापून झाली होती. मग काय केलं असेल? कुणीतरी पेन घेऊन बसलं आणि एकेका जॅकेटवरचा तो ‘ई’ हाताने खोडला! एका जॅकेटला पाच सेकंद धरा. उचलायचं, घडी उलटायची, रेघ मारायची, बाजूला ठेवायचं. दीड हजार जॅकेटांना साडेसात हजार सेकंद. दोन तास पाच मिनिटं. त्या वेळात डेक्कन क्वीन मुंबईहून निघून खंडाळ्याचा घाट चढत असते. आज संग्राहक काय करतात? भिंग घेऊन ती शाईची रेघ शोधतात! रेघ दिसली की त्यांच्या जिवात जीव येतो. प्रकाशकाच्या कचेरीत कुणी अनामिक माणसाने पाच सेकंदांत ओढलेली रेघ आज अस्सलपणाची खूण होऊन बसली आहे.

आणि ही जॅकेटं टिकली किती? पुस्तक मुलांचं. मुलं पुस्तक घेतात, वाचतात, लोळतात, त्यावर दूध सांडतात. जॅकेट सगळ्यांत आधी फाटतं. वाचनालयं तर ते काढूनच टाकत. म्हणून या छंदात एक विलक्षण अंकगणित चालतं. पुस्तकाला एक किंमत, आणि त्याच पुस्तकावर तो कागदाचा पातळ पापुद्रा असेल तर कित्येक पटींनी दुसरी किंमत. पुस्तकाहून वेष्टन महाग! मला स्वतःला यात काही विचित्र वाटत नाही. जे सगळ्यांत नाजूक होतं आणि तरीही तगलं, त्याचं मोल जास्त, हा न्याय मला पटतो.

पहिली आवृत्ती १५ डिसेंबरच्या सुमारास संपली. पंच्याऐंशी दिवसांत दीड हजार. दिवसाला सतरा-अठरा प्रती. हा आकडाही लक्षात असू द्या, कारण शेवटी याचं काय होतं ते पाहून डोळे विस्फारणार आहेत. लगेच दुसरं मुद्रण निघालं, २३०० प्रतींचं, आणि यात टॉल्कीन यांची रंगीत चित्रं आली. मग युद्ध आलं. १९४० मध्ये लंडनवर बाँब पडत होते, त्यात बांधणीवाल्याच्या गोदामाला आग लागली आणि तिथे पडून असलेल्या ४२३ प्रती जळून गेल्या. २३०० मधून ४२३. जवळपास पाचातली एक! वाचकांनी हाताळून फाडल्या त्या वेगळ्या, वाळवीने खाल्ल्या त्या वेगळ्या, आणि या थेट विमानातून पडलेल्या बाँबने नेल्या. म्हणून या दुसऱ्या मुद्रणावरही संग्राहक जीव टाकतात.

चला, आता लिलावात जाऊ.

जून २०१५. लंडनमधलं सदबीज. पहिल्या आवृत्तीची एक प्रत बोलीला आली. ही साधी प्रत नव्हती. टॉल्कीन लीड्स विद्यापीठात शिकवत असताना त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका विद्यार्थिनीला त्यांनी ती १९३७ मध्ये भेट दिली होती, आणि आत स्वतःच्या हस्ताक्षरात जुन्या इंग्रजीतल्या ओळी लिहिल्या होत्या. हातोडा पडला, सगळा आकार धरून रक्कम झाली १,३७,००० पौंड. आधीच्या विक्रमाच्या दुपटीहूनही जास्त! पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या जरासा खाली होता. म्हणजे सुमारे एक कोटी पस्तीस लाख रुपये.

पाच रुपयांचे एक कोटी पस्तीस लाख. भागाकार करा. सत्तावीस लाख पट!

नुसतं सत्तावीस लाख म्हटलं तर डोक्यात काही उभं राहत नाही. मग असं करू. पाच रुपयांचं पितळी रंगाचं एक नाणं सहा ग्रॅमचं धरा. ही प्रत पाच-पाचच्या नाण्यांत विकत घ्यायची म्हटली तर सत्तावीस लाख नाणी लागतील. वजन? सोळा हजार दोनशे किलो. सोळा टन! घाटातून जाणारा एक दहाचाकी ट्रक नाण्यांनी भरून लंडनला पाठवायचा आणि त्या बदल्यात एका हातात मावणारं एक पुस्तक घेऊन यायचं. अजून एक हिशेब. पुस्तक अर्ध्या किलोचं धरा. एका ग्रॅमला सत्तावीस हजार रुपये पडले. त्याच महिन्यात आपल्या सराफ बाजारात दहा ग्रॅम सोन्याचा भाव सत्तावीस हजारांच्या आसपास होता. म्हणजे कागद, शाई, पुठ्ठा, डिंक आणि कापड, यांचं मिश्रण वजनाला शुद्ध सोन्याच्या दहापट महाग! आणि सगळ्यांत शेवटी हे पाहा. १९३७ मधली अख्खी आवृत्ती दुकानात ५६२ पौंडांची होती. तिच्यातल्या एका प्रतीने २०१५ मध्ये एकटीने तसल्या २४३ आवृत्त्या विकत घेतल्या असत्या.

तुम्ही म्हणाल, लेखकाच्या हस्ताक्षराची प्रत, तिची गोष्ट वेगळी. बरं, मग ऑगस्ट २०२५ मध्ये या. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला एक घर रिकामं करण्याचं काम चाललं होतं. साधं कपाट, साधी पुस्तकं. त्यांत फिकट हिरव्या कापडी बांधणीचं एक पुस्तक निघालं. उघडून पाहिलं तर पहिली आवृत्ती, पहिलं मुद्रण! लिलाव करणाऱ्यांना दहा-बारा हजार पौंडांची आशा होती. बोली चढत गेली, दहा ओलांडले, वीस ओलांडले, तीस ओलांडले, आणि थांबली ४३,००० पौंडांवर. पन्नास लाख रुपयांवर! कुणाचं हस्ताक्षर नाही, काही नाही. कपाटात जवळपास नव्वद वर्षं उभं राहणं, एवढंच त्या प्रतीचं कर्तृत्व. दीड हजारांपैकी अजून किती अशा कुठल्या माळ्यावर, कुठल्या ट्रंकेत पडून असतील? हाच प्रश्न संग्राहकांना रात्री झोपू देत नाही.

आता मोठ्या डोंगराकडे वळू. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’.

हॉबिटला यश मिळालं तसं प्रकाशकाने पुढचं पुस्तक मागितलं. टॉल्कीन यांनी डिसेंबर १९३७ मध्ये सुरुवात केली. संपलं केव्हा? १९४९ मध्ये. बारा वर्षं! शब्द सुमारे चार लाख ऐंशी हजार. आणि ही सगळी कथा त्यांनी स्वतः टाइप केली, मग पुन्हा स्वतःच टाइप केली, कारण दहा बोटांनी टाइप करणारा धंदेवाईक टायपिस्ट परवडत नव्हता. आपल्याकडे टायपिंगची तिशीची परीक्षा असते, मिनिटाला तीस शब्द. त्या वेगाने, चहालाही न उठता, चार लाख ऐंशी हजार शब्द एकदा बडवायला सोळा हजार मिनिटं लागतात. २६७ तास. डेक्कन क्वीनच्या ८२ फेऱ्या! आणि हे एकदाच. ज्याने तिशीची परीक्षा देऊन बोटं दुखवून घेतली आहेत, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. युद्धाच्या दिवसांत, दिवसभर शिकवून, पेपर तपासून, रात्री हे काम.

आणि प्रकाशकाला खात्री होती का? छे! दहा वर्षांचा तो रेनर आता मोठा होऊन वडिलांच्याच संस्थेत आला होता. त्याने हिशेब मांडला, हजार पौंड बुडतील. म्हणजे सव्वातेरा हजार रुपयांच्या आसपास. वडील परदेशी होते, त्यांना त्याने कळवलं. ही खरोखर प्रतिभेची कृती आहे असं तुला वाटत असेल तर हजार पौंड बुडव, अशा अर्थाचं उत्तर आलं. पुस्तक एवढं जाड की तीन खंड करावे लागले. टॉल्कीन यांच्याशी करार असा की खर्च निघेपर्यंत एक पैसा नाही, आणि त्यानंतर नफा निम्मा-निम्मा. बुडण्याच्या तयारीने केलेला करार लेखकाला किती लाभावा! १९५६ मध्ये त्यांना पहिला धनादेश मिळाला तो साडेतीन हजार पौंडांचा, प्राध्यापकाच्या वर्षभराच्या पगाराहून मोठा.

पण भीतीपोटी प्रती छापल्या किती थोड्या ते पाहा. पहिला खंड, २९ जुलै १९५४, ३००० प्रती. दुसरा खंड त्याच वर्षी नोव्हेंबरात, ३२५० प्रती. तिसरा खंड २० ऑक्टोबर १९५५, ७००० प्रती. एकेक खंड एकवीस शिलिंगांचा. दीडने भागा. चौदा रुपये, पुन्हा बरोब्बर! तिन्ही मिळून बेचाळीस रुपये. आता संग्राहकाच्या डोक्याने विचार करा. तिसऱ्या खंडाच्या सात हजार प्रती असून उपयोग काय? पहिल्याच्याच तीन हजार आहेत. म्हणजे ब्रिटिश पहिल्या छपाईचे पूर्ण संच सगळ्या पृथ्वीवर तीन हजारांहून जास्त असूच शकत नाहीत. त्यांतले फाटले, हरवले, तुटले ते वजा करत बसा. शिवाय तिसऱ्या खंडात आणखी एक खोच आहे. छपाई चालू असताना ४९ व्या पानाचे खिळे सैल झाले आणि त्या पानावरच्या ओळी खाली घसरल्या. काही प्रतींत ओळी सरळ, काहींत वाकड्या. झालं! संग्राहकांनी त्यावरून छपाईच्या पायऱ्या लावल्या. जवळपास बाराशे पानांचा तो संच हातात आला की कथेची सुरुवात राहते बाजूला, माणूस आधी तिसऱ्या खंडाचं ४९ वं पान उघडतो.

मग अमेरिका. १९६५ मध्ये एस बुक्स या कंपनीने कायद्यातली एक फट पकडून परवानगीशिवाय पॉकेटबुकं काढली, ७५ सेंटला खंड. रुपयांत साडेतीन. लाखाच्या वर प्रती खपल्या! जिथे अधिकृत आवृत्तीची सुरुवात तीन हजारांनी झाली होती, तिथे न विचारता छापणाऱ्याने एका झटक्यात लाख ओलांडला. वाचक चिडले, बोभाटा झाला, शेवटी कंपनीने लेखकाला मानधन दिलं आणि पुन्हा छापणार नाही असं कबूल केलं. दरम्यान बॅलंटाइनने ९५ सेंटची अधिकृत आवृत्ती घाईघाईने बाजारात आणली. घाई केवढी, तर चित्रकार बार्बरा रेमिंग्टन यांना पुस्तक वाचायलाही वेळ मिळाला नव्हता. त्यांनी ‘द हॉबिट’च्या मुखपृष्ठावर एमू पक्षी काढले, लोंबणाऱ्या फळांचं झाड काढलं आणि एक सिंह काढला. हॉबिटच्या कथेत सिंह कुठून आला? टॉल्कीन यांनी विचारलंच. पुढच्या छपायांत सिंह गायब! आता सिंहवाली प्रत कुणाकडे आणि बिनसिंहाची कुणाकडे, यावर संग्राहक रात्र जागवतात. नव्याने जमवायला लागलेल्या माणसाला मी तर इथूनच सुरुवात करायला सांगेन. कोटीचं पुस्तक लांब राहिलं, सिंह मात्र अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

आता एक व्यवहार ऐका, आणि ऐकून कपाळाला हात लावा. १९५७. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरातलं मार्क्वेट विद्यापीठ. तिथले ग्रंथपाल विल्यम रेडी यांनी टॉल्कीन यांच्याकडून हस्तलिखितं विकत घेतली. मूळ कच्चे खर्डे, खाडाखोड, टाइप केलेली पानं, सगळं. किंमत १५०० पौंड. रुपयांत किती? २०,०००. पुन्हा काटेकोर पूर्णांक! आज त्या संग्रहात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची ९२५० पानं आहेत, ‘हॉबिट’ची १५८६, ‘फार्मर जाइल्स ऑफ हॅम’ची २०१ आणि ‘मिस्टर ब्लिस’ची ६१. बेरीज ११,०९८ पानं. काही पानं टॉल्कीन यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी नंतर शोधून पाठवली, ती वगळून हिशेब केला तरी पान पडलं दोनेक रुपयांना. दोन रुपये! आपल्याकडे त्याच वर्षी नवे पैसे सुरू झाले होते. लेखकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं आणि खोडलेलं पान, दोनशे नव्या पैशांना. ही पानं एकापुढे एक मांडली तर सव्वातीन किलोमीटर जातात. नरिमन पॉइंटला पहिलं पान ठेवा आणि समुद्राच्या कडेकडेने चालत राहा, गिरगाव चौपाटीची वाळू दिसू लागेपर्यंत पानं संपत नाहीत. मुंबईतल्या एका रस्त्याएवढी लांब गोष्ट वीस हजारांत! रेडींचं मी मनापासून कौतुक करतो. तेव्हा ही पानं मौल्यवान आहेत असं फारशा कुणाला वाटत नव्हतं, आणि त्या माणसाने तो डोंगर एकत्र राखला, सुटा सुटा विकला जाऊ दिला नाही.

कारण सुटं पान आज केवढ्याला जातं? २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्लॅकवेल्सच्या दुर्मीळ पुस्तकविभागात एक नकाशा निघाला. चित्रकार पॉलीन बेन्स यांच्या प्रतीत घडी घालून पडलेला. त्यावर टॉल्कीन यांनी स्वतः खुणा केल्या होत्या, हॉबिटांचं गाव ऑक्सफर्डच्या अक्षांशावर आहे वगैरे सूचना लिहिल्या होत्या. किंमत लावली साठ हजार पौंड, आणि पुढच्या वर्षी बोडलियन ग्रंथालयाने तो घेतला. अठ्ठावन्न लाख रुपयांच्या आसपास. कागद एक! मार्क्वेटने वीस हजार रुपयांत अख्खा डोंगर नेला, आणि इथे एका घडीच्या कागदाला अठ्ठावन्न लाख.

सिनेमाच्या वस्तूंपाशी मी फार रेंगाळणार नाही, माझा जीव कागदात आहे. पण एक आकडा सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यूझीलंडमधल्या वेटा वर्कशॉपने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रपटांसाठी चिलखतं केली. प्लॅस्टिकच्या नळीच्या चकत्या कापून, कडी कडीत हाताने अडकवून. अशा कड्या झाल्या सव्वा कोटी! कडी एक सेंटीमीटरची धरा, रांगेत ठेवा. सव्वाशे किलोमीटर. सीएसएमटीहून निघालेली रांग कल्याण, कर्जत मागे टाकत, घाट चढत लोणावळ्याच्या उंबऱ्याशी येते. पुण्याला जाणाऱ्या रुळाशेजारून धावणारी हाताने ओवलेली साखळी! अशा चिलखताचा छोटा तुकडा मिळाला तरी काचेखाली ठेवणारी माणसं जगात आहेत, आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

भाषांतरं जमवणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. यांना किंमत महत्त्वाची नाही, लिपी महत्त्वाची. ‘हॉबिट’चं पहिलं भाषांतर १९४७ मध्ये स्वीडिश भाषेत झालं. १९६२ च्या स्वीडिश आवृत्तीला तर ‘मूमिन’ या मुलांच्या गोष्टींच्या लेखिका तोवे यान्सन यांची चित्रं आहेत, म्हणजे दोन लेखकांचे चाहते एकाच प्रतीमागे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पन्नासच्या वर भाषांत गेलं आहे. पन्नास भाषा, प्रत्येकी तीन खंड, म्हणजे दीडशे खंड, झालंच कपाट भरून! आणि त्या कपाटात एक जागा पुण्याची आहे. पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सने मीना किणीकर यांनी केलेला ‘हॉबिट’चा अनुवाद काढला आणि मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ तीन खंडांत. चार लाख ऐंशी हजार इंग्रजी शब्द एका बाईने मराठीत आणले! तिशीच्या वेगाची आपली टायपिंगची परीक्षा आठवा आणि हात जोडा. हे खंड तुमच्याकडे असतील तर जपून ठेवा. जगातले भाषांतर-संग्राहक देवनागरी खंडाशिवाय आपलं कपाट पूर्ण झालं असं मानूच शकत नाहीत.

मार्क्वेट विद्यापीठाने तर २०१७ पासून वस्तूंच्याही पुढची गोष्ट जमवायला घेतली. चाहत्यांचे आवाज! प्रत्येकाने तीन मिनिटांत सांगायचं, टॉल्कीन पहिल्यांदा कधी वाचले, का आवडले. लक्ष्य सहा हजार आवाजांचं, कारण कथेत राजा थेओडन गोंडोरच्या मदतीला सहा हजार घोडेस्वार घेऊन जातो. एका घोडेस्वारामागे एक वाचक! सहा हजार गुणिले तीन मिनिटं. तीनशे तास. रात्रंदिवस ऐकत बसलात तरी साडेबारा दिवस.

आता शेवटची चढण. दम लागला असेल तर घोटभर पाणी प्या.

‘हॉबिट’च्या दहा कोटी प्रती. पहिल्या आवृत्तीची रांग ४५ मीटर होती, लोकलचे दोन डबे, आठवतं? दहा कोटी प्रतींची रांग तीन हजार किलोमीटर. मुंबई सेंट्रलहून दिल्लीला जाते, दिल्लीहून परत मुंबईला येते, तिथून पुण्याला जाते आणि पुणं ओलांडून दौंडच्या वाटेला लागते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पंधरा कोटी प्रती असा अंदाज दिला जातो. जाडी पाच सेंटीमीटर धरा, साडेसात हजार किलोमीटर. मुंबईहून सरळ रेषेत मांडत निघालात तर अरबी समुद्र, वाळवंट, अख्खा युरोप ओलांडून रांग थेट ऑक्सफर्डला, टॉल्कीन यांच्या गावाला पोचते, आणि तरी मुंबई-पुणे अंतराहून लांब शेपूट हातात उरतं!

वजन करा. किलोला एक प्रत धरली तर दीड लाख टन. रेल्वेची अठ्ठावन्न वाघिणींची मालगाडी साडेतीन हजार टन नेते. अशा ४३ मालगाड्या! एकीला एक लावून उभ्या केल्या तर सीएसएमटीपासून भांडुप ओलांडून जातील, आणि मध्य रेल्वे त्या दिवशी बंद.

आता विहीर घ्या. आपल्या शेतातली, वीस फूट व्यासाची, तेहेतीस फूट खोल, भरभक्कम विहीर. १९५४-५५ मध्ये छापलेले तिन्ही खंड, सगळे मिळून १३,२५० नग, त्या विहिरीत रचा. गुडघ्याच्या वर येतात, कमरेला लागत नाहीत. आता पंधरा कोटी रचा. एक विहीर काठोकाठ. दुसरी. दहावी. शंभरावी. पाचशे झाल्या तरी पुस्तकं येतच आहेत. नऊशे विहिरी! एका आख्ख्या तालुक्याच्या विहिरी पुस्तकांनी भरून वाहतील.

आणि वेग? १९३७ मध्ये हॉबिट दिवसाला सतरा-अठरा खपत होतं. जवळपास नव्वद वर्षांची सरासरी काढली तर दिवसाला तीन हजार. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची सत्तर वर्षांची सरासरी दिवसाला पावणेसहा हजारांच्या पुढे, दर पंधरा सेकंदांना एक. दिवाळीच्या दिवशी, पावसात, मध्यरात्री, सत्तर वर्षं न थांबता, दर पंधरा सेकंदांना एक!

आता दहा कोटींना दीड हजाराने भागा. सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट. वानखेडे स्टेडियम तेहेतीस हजारांचं. एक वानखेडे काठोकाठ भरा, त्याच्या शेजारी दुसरं वानखेडे बांधा, तेही भरा, आणि प्रत्येकाच्या हातात ‘हॉबिट’ची एकेक प्रत द्या. त्या सगळ्या गर्दीत पहिल्या आवृत्तीची प्रत एकाच माणसाच्या हातात असेल. फाटलेल्या, हरवलेल्या, सांडलेल्या दुधात भिजलेल्या प्रती वजा केल्या तर त्यासाठी तिसरं वानखेडे लागेल, कदाचित चौथंही. लाखभर माणसं उभी राहून, माना उंचावून त्या एकाला शोधतायत, बोली पुकारतायत, सोळा टन नाण्यांचा ट्रक फाटकाशी येऊन उभा आहे, आणि त्या माणसाला ती विकायचीच नाहीये!